पिवळे बारा सिलिंडर

३१ मार्च, रविवार

ही वही हुरघाड्याच्या इंजिनीअर इरीनीबाईंनी दिली, त्याला दोन महिने झाले. म्हणाल्या, "शाज़ली काका, प्रत्येक सिलिंडरचं लिहून ठेवत जा. कधी भरला, कधी धुतला, कुठे आपटला. सगळं तुमच्या डोक्यात आहे, ते कागदावर येऊ द्या." मी चार यत्ता शिकलेला माणूस. लिहायचं म्हटलं की हात जड होतो. पण आज उपासाचा दिवस, दुकानात गिऱ्हाईक नाही, तेव्हा बिस्मिल्ला म्हणून सुरुवात करून टाकतो.

कुसैरच्या माझ्या दुकानात सिलिंडर सतरा. पाणबुडे पाठीवर बांधतात ते. समुद्रावरचीच साधी हवा दोनशे पट दाबून त्यांत भरायची, अडतीस वर्षं मी हेच करतो. पाच पोलादी, जुने. बारा अॅल्युमिनियमचे. हे बारा करमने हिवाळ्यात आणले, पाणबुडे तयार करणाऱ्या, बंद पडलेल्या एका शाळेकडून. करम माझा एकुलता एक. ईद झाली की तो 'बरकत' नावाच्या बोटीवर पाणबुड्यांचा वाटाड्या म्हणून जाणार आणि आमचे बाराही सिलिंडर घेऊन जाणार. पहिल्यांदाच आमच्या दुकानाचं नाव दक्षिणेच्या खडकांपर्यंत पोचेल.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते ती त्या पाच जुन्यांची. त्यांतल्या थोरल्याच्या मानेशी पहिली तारीख ठोकलेली आहे ती एकोणऐंशी सालची. करमपेक्षाही मोठा आहे तो. भरताना कुरकुरतो. मी त्याला पाण्याच्या हौदात उभा करतो, भिंतीमागे जातो आणि काटा दोनशेवर येईपर्यंत जीव मुठीत धरून बसतो. सफागाला बख़ीत नावाचा माझा सोबती होता. एका सकाळी त्याने एक गंजका सिलिंडर जोडला आणि मी कोपऱ्यावर चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा चहा माझ्या हातात होता आणि दुकानाला भिंत नव्हती. बख़ीतही नव्हता.

अॅल्युमिनियमला गंज चढत नाही. तेवढं एक समाधान.

४ एप्रिल, गुरुवार

बाराही सिलिंडर घासून पिवळे रंगवले. व्हॉल्व्ह काढून ठेवले, तोंडाला चिंध्यांचे बोळे दिले म्हणजे आत धूळ जाऊ नये. आणि नेमका आजच दक्षिणेचा वारा सुटला. अंगणात वाळू अशी आली की ओल्या रंगावर चिकटून सिलिंडर रव्यात घोळल्यासारखे दिसू लागले.

इन्साफ, म्हणजे माझी बायको, दारात उभी राहून हसत होती. करमचा बाप म्हणून ती मला अबू करम म्हणते. "अबू करम, तळायला घ्या आता."

सगळं पुसून काढलं. पुन्हा रंगवायचं तर सुकवायचं कुठे? वारा चार दिवस तरी पडणार नाही.

६ एप्रिल, शनिवार

युक्ती सुचली. माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते.

ईद जवळ आली की अख्ख्या मोहल्ल्याची कहकची बिस्किटं गाबल्ला पाववाल्याच्या भट्टीत भाजली जातात. प्रत्येक घरचे ट्रे, प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी. उपास सोडायच्या वेळी मात्र सगळे घरी पळतात आणि भट्टी तासभर रिकामी राहते. आतली ऊब असतेच. तिथे धूळ नाही, वारा नाही. गाबल्लाला विचारलं. तो म्हणाला, "हाजी, माझ्या भट्टीत गेल्या वर्षी एकीने नवऱ्याचे ओले बूट ठेवले होते. तुमचे सिलिंडर तर पाहुणे."

संध्याकाळी हातगाडीवरून बाराही नेले. बायका ट्रे घेऊन रांगेत होत्याच.

"हाजी, तुमच्या कहकात काय भरलंय, खजूर की अक्रोड?"

"हवा!" मी म्हटलं.

"मग साखर पेरू नका, उडून जाईल."

मीही प्रत्येकाच्या मानेला चिठ्ठी बांधली, "शाज़ली, हवावाला". सगळी रांग हसून लोटपोट. असं हसू मला फार दिवसांनी भेटलं. गाबल्लाला सांगितलं, आग बंद कर आणि नुसत्या उबेवर ठेव. तो म्हणाला, निर्धास्त जा.

८ एप्रिल, सोमवार

परवाच्या गमतीत थोडा घोळ झाला, लिहून ठेवतो. गाबल्ला उपास सोडून भिंतीला टेकला तो झोपला. रात्रीच्या ट्रेसाठी भट्टी तापती राहावी म्हणून त्याने आग बारीक ठेवली होती, पूर्ण विझवली नव्हती. जाग आली ती तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजाला गेलेले लोक परत आले तेव्हा. म्हणजे दोन तास तरी झाले. पिवळा रंग पावाच्या पापुद्र्यासारखा तपकिरी पडला. तोंडाच्या चिंध्यांची राख झाली आणि ती आत गळली, त्यामुळे आज सकाळभर मला सगळे धूत बसावं लागलं. मी त्याला दोन शब्द सुनावले.

"हाजी, डुलकी लागली हो. सतरा दिवस पहाटे अडीचला उठतोय."

त्याचा उतरलेला चेहरा बघून मीच आवरतं घेतलं. आज वारा पडला आहे. वरून दुसरा हात मारला आणि सावलीत सुकवलं. आता कोणी म्हणणार नाही की हे भट्टीतून निघालेत. फुलासारखे दिसतात.

१० एप्रिल, बुधवार

ईद. करम सकाळच्या नमाजाहून आला आणि माझ्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "बाबा, तुमचे पिवळे गुलाब अंगणात बघितले. बोटीवरचे लोक आता सिलिंडरशी लग्न करतील."

१२ एप्रिल, शुक्रवार

बाराही दोनशेवर भरले. सवयीने मी भिंतीमागे गेलो. पिवळ्यांनी हूं की चूं केलं नाही. सिलिंडर असावेत तर असे. मागे कोपऱ्यात ते पाच जुने माझ्याकडे बघत उभे होते. त्यांची पाच वर्षांची चाचणी आली आहे. सोमवारी हुरघाड्याला नेतो. थोरला बहुधा बाद होईल आणि माझ्या छातीवरचा दगड उतरेल.

१३ एप्रिल, शनिवार

करम दुपारी गेला. पुढच्या शनिवारी परत. धक्क्यावर मी त्याला नेहमीसारखं सांगितलं, उन्हात ठेवू नकोस, भरताना जवळ उभा राहू नकोस, कोणाला त्यांच्यावर बसू देऊ नकोस.

"बाबा, तुम्ही सोड्याची बाटलीसुद्धा हात लांब करून उघडता."

"तुझा बाप म्हणूनच दोन्ही हातांनी जेवतोय."

"बरं बरं. मी त्यांना अंगाई म्हणून झोपवीन."

बोटीवरचे खलाशी हसले. मीही हसलो. बोट वळेपर्यंत इन्साफ उभी होती. तिला बोट दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ उभं राहायची सवय आहे.

१५ एप्रिल, सोमवार

क्रमाने लिहितो.

सकाळी पाच जुने घेऊन हुरघाड्याला पोचलो. इरीनीबाई सिलिंडरमध्ये पाणी भरतात, तो पाण्याने भरलेल्या लोखंडी पिंपात उतरवतात आणि नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात. दाबाने सिलिंडर किंचित फुगतो, दाब काढला की जागेवर यायला हवा. जो येत नाही तो बाद. मी थोरला आधी दिला, एकदाचं कळू दे म्हणून. फुगला आणि जागेवर आला. जणू श्वास घेऊन सोडला. बाईंनी आतही दिवा सोडून बघितलं आणि त्याच्या मानेवर नवी तारीख ठोकली.

"काका, हा तुमच्या नातवंडांनाही पुरेल."

पाचही पास. मी खुशीत चहा मागवला आणि बोलत सुटलो. पिवळ्या बारांचं सांगितलं, वाऱ्याचं, कहकच्या रांगेचं, चिठ्ठ्यांचं. त्या आधी हसत होत्या. मग त्यांनी पेला खाली ठेवला.

"भट्टीत? रिकामे की भरलेले?"

"रिकामे हो! मी काय वेडा आहे?"

"किती वेळ?"

"दोन तास असेल. तो मेला झोपला."

"भट्टी किती गरम होती?"

"ते मला काय माहीत. बारीक आग होती."

"तोंडाला काय लावलं होतं?"

"चिंध्या."

"त्यांचं काय झालं?"

"राख झाली," म्हणालो.

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग शाळेतल्या मास्तरणीसारखं हळू समजावलं. पोलाद असतं तर एवढ्या आचेने बिघडलं नसतं. अॅल्युमिनियमला कारखान्यात एक ठरावीक आच देऊन ताकद आणलेली असते. पुन्हा भाजला की ती ताकद उतरते. दिसायला तसाच, वाजवून बघितला तरी तसाच. आत मऊ पडलेला.

"मी शुक्रवारी भरले, बाई. काही झालं नाही."

"त्या दिवशी नाही झालं. दर भरण्याला तो थोडा ताणला जातो. कितव्या वेळेला जाईल हे मी नाही सांगू शकत, कोणीच नाही सांगू शकत. ते सिलिंडर आता कुठे आहेत?"

बोटीवर. दिवसातून तीन वेळा भरतात. रॅकमध्येच नळी लावून, लोकांच्या मधोमध. बख़ीत गेला तेव्हा सिलिंडर एक होता.

करमचा फोन लागत नाही. त्या खडकांवर कोणाचाच लागत नाही.

इन्साफला काही सांगितलं नाही. पाचही पास झाले एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "मग तोंड असं का?" म्हटलं, दमलो.

१६ एप्रिल, मंगळवार

उजाडताच बंदरावर गेलो. वायरलेसवर बसणारा माणूस ओळखीचा. 'बरकत' फार लांब आहे, पण निरोप एका बोटीकडून दुसरीकडे असा पुढे जातो. तो म्हणाला, "काय सांगू करमला?"

त्या खोक्यापाशी सगळ्या किनाऱ्याचे कान असतात. अडतीस वर्षं लोक म्हणत आले की शाज़लीची हवा डोळे मिटून घ्यावी. भट्टीचं सांगू? मी म्हटलं, "सांग, पिवळे सिलिंडर भरू नकोस. बापाने सांगितलंय."

"कारण?"

"कारण तो आल्यावर."

दुपारी उत्तर आलं. त्या माणसाने हसत वाचून दाखवलं. "बाबांना म्हणावं, चहा घ्या आणि आराम करा. सिलिंडर उत्तम आहेत, पाहुण्यांनी रंगाचं कौतुक केलं."

त्याची काय चूक? त्याच्या जन्मापासून मी त्याला हेच सांगत आलो. हे करू नकोस, तिथे उभा राहू नकोस. हजार वेळा घाबरलेल्या माणसाचं एक हजार एकाव्या वेळी कोण ऐकतो.

तिथून सरळ गाबल्लाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो पिठाच्या पोत्यावर मटकन बसला. हातावरचं पीठ तोंडाला लागलं तरी त्याला कळलं नाही.

"हाजी, मी फक्त डुलकी काढली."

"मी तुला दोष द्यायला नाही आलो. कल्पना माझी होती. तुझी गाडी हवी."

"गाडी नाही, मी येतो."

हमाताला निघतो आहोत, तिथून 'बरकत'चे खडक जवळ. इन्साफला सांगितलं की तिथे एका गिऱ्हाइकाचा कॉम्प्रेसर बिघडलाय, उद्या परत येईन. तिने विचारलं काहीच नाही. भाकरी, चीज, उकडलेली अंडी बांधून दिली, आणि वर दोन जाड कांबळी आणि माझं उलटीचं औषध. म्हटलं, अगं मी रस्त्याने चाललोय. म्हणाली, "पाण्यावर गार लागतं." बायकांना कशाचीही काळजी.

१७ एप्रिल, बुधवार. हमाता.

वारा. उत्तरेचा, कालपासून. बंदर बंद. एकही होडी सोडत नाहीत. समुद्र दिसतो आहे, त्याच्यापलीकडे माझा मुलगा आहे, आणि मी वाळूवर बसून अंडी सोलतो आहे.

गाबल्ला सारखा हिशेब करतो. "रविवारी तीन. सोमवारी तीन. काल तीन. हाजी, नऊ वेळा भरले आणि काही झालं नाही. म्हणजे बरंच आहे की."

"शुक्रवारचा धरून दहा. आणि दहा झाले म्हणजे अकराव्याच्या जवळ आलो," मी म्हटलं.

दुपारी मनाचा हिय्या केला. बंदरावरच्या खोपटात वायरलेस आहे. मी त्या माणसाच्या हातातून यंत्र मागून घेतलं आणि स्वतः बोललो. बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते माझ्याकडून एकदाच झालं.

"मी कुसैरचा हाजी शाज़ली, हवा भरणारा. 'बरकत'वर माझे बारा पिवळे सिलिंडर आहेत. मी रंग सुकवायला ते पावाच्या भट्टीत ठेवले होते. ते भाजलेत. ते कधीही फुटतील. चूक माझी आहे. करम, हे माझं नेहमीचं घाबरणं नाही. जो कोणी ऐकतो आहे त्याने हे 'बरकत'ला सांगा."

खोक्यात नुसती खरखर. मग कुठल्यातरी बोटीवरून एक आवाज आला, "भट्टीत? पावाच्या?" आणि कोणीतरी हसलं. मग दुसरा कोणी त्याच्यावर ओरडला, "गप रे गाढवा, पोराचा बाप आहे तो." एकाने सांगितलं, 'बरकत' सकाळीच जागा बदलून खडकाच्या आडोशाला गेली आहे, वायरलेसला उत्तर देत नाही.

लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. तेवढी जागाच उरली नव्हती.

१८ एप्रिल, गुरुवार

पहाटे वारा उतरला. सुवेलिम नावाचा एक कोळी, मी त्याला ओळखतही नाही, स्वतःहून आला. "कालचा वायरलेसवाला तूच ना? चल." त्याची लहान होडी. मला समुद्र कधीच मानवला नाही, वीस वर्षांत मी धक्क्यापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. औषध घेतलं तरी दोनदा ओकलो. कांबळं पांघरून गाबल्ला मोठमोठ्याने दुआ म्हणत होता. सुवेलिम म्हणाला, "भल्या माणसा, हळू म्हण, ऐकायला येतं त्याला."

उन्हं वर आल्यावर 'बरकत' दिसली. जवळ गेलो तसा तो आवाज आला. अडतीस वर्षं ऐकतोय, झोपेतही ओळखेन. कॉम्प्रेसर चालू होता. भरत होते.

मी ओरडलो. माझा आवाज मलाच ऐकू येईना. डेकवर पाहुणे नाश्ता करत होते आणि त्यांच्या पलीकडे पिवळी रांग उन्हात चमकत होती. प्रत्येकाच्या मानेला नळी. गाबल्लाने अंगातला पांढरा झगा काढला आणि नुसत्या बनियनवर उभा राहून फडकवायला लागला. होडी अशी हलली की सुवेलिमने त्याला शिव्या घातल्या. मी डोळे मिटले. असं वाटत होतं की मी बघितलं तर होईल.

आवाज थांबला. डोळे उघडले तर करम कठड्याशी उभा होता, हात कॉम्प्रेसरच्या बटणावर. तो गाबल्लाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

वर चढवल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं, "तुम्ही होडीत बसलात म्हणजे खरंच काहीतरी आहे."

सगळ्या पाहुण्यांना बोटीच्या पार पुढच्या टोकाला पाठवलं. कप्तान आरडाओरडा करत होता. करम त्याला म्हणाला, "कप्तान, माझे बाबा सांगतात तसं करा, मग माझ्यावर ओरडा." आधी थोडं थांबलो, भरताना तापलेले निवू दिले. मग मी एकटाच रांगेत गेलो. करम यायला लागला, त्याला मी हात दाखवून थांबवलं. तोही पहिल्यांदाच थांबला.

हवा सोडायला व्हॉल्व्ह हळू उघडायचा, अगदी थोडा. एक. दोन. शिट्टीसारखा आवाज, बोटं बधिर करणारा गारठा. माझं तोंड प्रत्येकापासून वीतभर अंतरावर. भीती वाटली का? इतकी की ती वाटेनाशी झाली. सातव्याला माझ्या हातातला पाना जरा आपटला आणि मी तसाच उभा राहिलो, बख़ीतला काय ऐकू आलं असेल याचा विचार करत. काही ऐकू आलं नसेल. बाराव्याची शिट्टी संपली तेव्हा समुद्र किती शांत आहे ते कळलं.

करम माझ्याजवळ येऊन रॅकच्या कडेला बसला. म्हणाला, "दुपारी मी इथेच पाठ टेकून झोपतो, बाबा. भरताना ती घरघर चालते ना, तिच्यात झोप छान लागते."

मी उठून पुन्हा ओकलो. गाबल्ला म्हणाला, समुद्र लागला.

२२ एप्रिल, सोमवार

करमला आणि मोकळे बारा घेऊन परवा घरी आलो. बोटीला दुसरीकडचे सिलिंडर मिळाले. आज आम्ही दोघं ते घेऊन हुरघाड्याला गेलो.

इरीनीबाई म्हणाल्या, चाचणीची गरज नाही, थेट बाद. मी हट्ट धरला, एक तरी बघा, मला कळलं पाहिजे. त्यांनी एकाला पाण्याच्या पिंपात उतरवलं. दाब चढवायला लागल्या. चाचणीचा पूर्ण दाब यायच्या कितीतरी आधी काटा सरकायला लागला आणि सरकतच राहिला. त्यांनी लगेच पंप थांबवला, दाब काढला. सिलिंडर परत आला नाही. तसाच फुगलेला राहिला. बाहेर काढून पट्टीने मापला, कमरेशी बोटभर जाड झाला होता. इतके दिवस मी त्याला फूल म्हणत होतो.

"फुटला असता का?" करमने विचारलं.

"हो."

"कधी?"

"ते मला विचारू नकोस."

मग सगळ्यांना कापायचं ठरलं. करम म्हणाला, मी कापतो, पण करवत मी दिली नाही. बाराच्या बारा मी स्वतः मधोमध चिरले. आत राखेचा एक काळा डाग तसाच होता, धुऊनही न गेलेला. अर्धे अर्धे तुकडे बाईंच्या अंगणात पडले होते, आता त्यांना कोणी भरू शकणार नाही. परतताना करम म्हणाला, "बाबा, दुकानात आता पाचच राहिले." म्हटलं, पाच पुरे. थोरल्याला आज मी भिंतीमागे न जाता भरणार होतो. नाही जमलं. गेलोच भिंतीमागे. पण या वेळी करमही आला, आपणहून, आणि माझ्या शेजारी बसून काटा बघत राहिला.

संध्याकाळी इन्साफने पुढ्यात मासा आणि भात ठेवला. सिलिंडर जरा बिघडले एवढंच तिला सांगितलं होतं, आणि इतके दिवस तिने एक प्रश्न विचारला नव्हता. मोहल्ल्यातल्या बायकाही हल्ली मला बघून बोलणं थांबवतात, का कोण जाणे, वायरलेसचं घरात कोणाला माहीत असायचं कारण नाही. भात वाढता वाढता ती म्हणाली, "ते बिघडलेले सिलिंडर, अबू करम, बोटीवर किती वेळा भरले होते?"

मी करमकडे बघितलं. रविवार ते बुधवार तीन तीन वेळा, गुरुवारी सकाळी एकदा. तेरा वेळा.

"दोनदा," मी म्हणालो. "लगेच थांबवलं."

"दोनदाच, अम्मा," करम म्हणाला.

"दोनदा," इन्साफ म्हणाली. तिने भाताचा डाव खाली ठेवला आणि करमचा उजवा हात आपल्या हातात घेतला. पाचही बोटं एकेक करून दाबून बघितली, मग डावा हात, मग कान, तो जन्मला तेव्हा सुईणीच्या हातातून घेऊन बघितली होती तशी. करम हसून म्हणाला, "अम्मा, भात निवतोय." मग ती माझ्याकडे वळली आणि माझीही बोटं तशीच बघितली. दहाही.

"जेवा," म्हणाली.

तिला पटलं, देवाची कृपा.